नवीन कन्सोल घ्यावा का? आधी जुना उघडून बघा

प्रश्न परत एकदा मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुमच्याकडे पीएस ४ स्लिम आहे, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचा सोनीचा प्लेस्टेशन ४ कन्सोल, सात-आठ वर्षं झाली, सोबत चौदा डिस्क. टीव्ही फुल एचडी, ६० हर्ट्झवाला. मुलगी झोपली की खेळायला बसता, आठवड्याला जेमतेम पाच तास, त्यात निम्मा फुटबॉल आणि अधूनमधून एखादा मोठा स्टोरीवाला गेम. हल्ली मशीन पिठाच्या गिरणीसारखं ओरडतं आणि लोडिंग बघत बसताना "जीव जातो" म्हणता. एक मित्र म्हणतो सरळ पीएस ५ प्रो उचल, दुसरा म्हणतो पुढची पिढी येईलच आता, थांब, आणि मुलीला मैत्रिणीकडे बघितलेला निन्टेन्डोचा स्विच २ हवाय. तर आता नवा घ्यावा का, आणि सेकंडहँड पीएस ५ चालेल का, हा तुमचा प्रश्न.

मी चौदा वर्षं कन्सोल दुरुस्त करतोय, दिवसाला तीन-चार तरी उघडले जातात, त्यामुळे माझं मत स्पेक शीट वाचून झालेलं नाही, लोक काय घेऊन येतात आणि वर्षभराने काय विकायला आणतात ते बघून झालंय. आणि विकायला येणाऱ्या मशीनबद्दल एक गोष्ट सांगतो, त्यातले बरेचसे अगदी ठणठणीत असतात. मालकाला विचारलं का विकताय तर म्हणतो काही नाही हो, वापरच होत नाही. लाँचच्या महिन्यात धावत जाऊन घेतलेला असतो, सोबत एकच गेम, तो पण जुन्या मशीनवर चालला असता असा. त्यामुळे "कन्सोल चांगला आहे का" हा प्रश्नच मी बाजूला ठेवतो. आजचे तिन्ही, पीएस ५, एक्सबॉक्स आणि स्विच २, चांगले आहेत, विषय संपला. बघायचं हे की तुमच्या ह्या पाच तासांत असं काय खेळाल जे घरच्या मशीनवर चालतच नाही.

पण त्याच्या आधी तो आवाज. माझ्याकडे "नवा घेऊ का" विचारायला येणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना खरं म्हणजे नवा नको असतो, आवाज नको असतो. आठ वर्षं टीव्हीखालच्या बंद खणात बसलेलं मशीन उघडलं की हीटसिंकच्या, म्हणजे चिप थंड ठेवणाऱ्या धातूच्या, पात्यांवर गोधडीचा तुकडा ठेवल्यासारखा धुळीचा थर निघतो, चिमटीत धरून अख्खा उचलता येतो, कुत्रं-मांजर असलेल्या घरात तर तो रंगीत पण असतो. हवा आत जात नाही म्हणून फॅन जीव खाऊन फिरतो. त्यात चिपची उष्णता हीटसिंककडे नेणारी थर्मल पेस्ट सुकून खडूसारखी झालेली असते, नख लावलं की भुगा पडतो. ते साफ करून नवी पेस्ट लावली की तोच कन्सोल रात्री चालू आहे का बंद हे लाइट बघून कळतं. स्वतः करणार असाल तर हवेचा स्प्रे मारताना फॅनचं पातं टूथपिकने अडवून धरा, नाहीतर तो उलटसुलट गरगरतो आणि बेअरिंगची वाट लागते. आणि कृपा करून व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका, स्टॅटिकने बोर्ड गेलेला मी पाहिलाय.

लोडिंगचं पण तसंच. पीएस ४ मधे लॅपटॉपवाली ५४०० आरपीएमची हार्डडिस्क आहे, ती काढायला वॉरंटीचं सील सुद्धा तोडावं लागत नाही, मागच्या कोपऱ्यातलं छोटं झाकण ओढलं, एक स्क्रू काढला की ट्रे बाहेर. तिथे अडीच इंची साटा एसएसडी बसते, म्हणजे फिरती चकती नसलेली वेगवान डिस्क, जाडी साडेनऊ मिलिमीटरपेक्षा जास्त नको एवढंच बघायचं. सेव्ह फाइल्स आधी पेनड्राइव्हवर घ्या, मग सिस्टिम सॉफ्टवेअर यूएसबीवरून नव्याने टाका. पीएस ५ सारखा वेग येणार नाही हे आधीच सांगतो, कारण आतलं बाकी सगळं जुनंच राहतं, पण तुम्ही जे "जीव जातो" म्हणताय ते बरंच कमी होईल. साफसफाई करून, आणि वाटलं तर एसएसडी पण टाकून, महिनाभर खेळा. माझा अनुभव असा की बऱ्याच जणांची नव्या कन्सोलची भूक इथेच मरते, आणि ज्यांची मरत नाही त्यांना खरंच नवा हवा असतो, मग पैसे घालायला हरकत नाही.

आता समजा भूक मेली नाही. मग कागद घ्या आणि तीन गेमची नावं लिहा, फक्त तीन, अट एवढीच की ते पीएस ४ वर येत नाहीत आणि येत्या वर्षात तुम्ही ते खरंच खेळणार आहात. "खूप ऐकलंय त्याच्याबद्दल" हे कारण चालणार नाही. ही अट वाटते त्यापेक्षा कडक आहे, कारण पिढी बदलली तरी गेम लगेच बदलत नाहीत. पीएस ५ आला नोव्हेंबर २०२० मधे. त्यानंतर फेब्रुवारी २०२२ चा होरायझन फॉरबिडन वेस्ट, मार्च २०२२ चा ग्रॅन टुरिस्मो ७, अगदी नोव्हेंबर २०२२ चा गॉड ऑफ वॉर रॅग्नारोक, हे सगळे सोनीचेच मोठे गेम आणि सगळे पीएस ४ वर पण आले. म्हणजे पहिली दोन वर्षं ज्यांनी धावपळ करून पीएस ५ मिळवला ते बरेचसे तेच गेम खेळत होते, फक्त जरा गुळगुळीत. आणि मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सवाल्यांचा तर हेलो इन्फिनिट हा गेम लाँचलाच यायचा होता तो लांबत लांबत डिसेंबर २०२१ ला आला. तुमचा फुटबॉल तर २०२५ मधे सुद्धा पीएस ४ वर निघाला, म्हणजे कन्सोल आल्यापासून बारा वर्षांनी! त्यासाठी नवा घ्यायची गरज शून्य. जुन्या मशीनवर त्यात काही फीचर कापलेली असतात हे खरं, पण रविवारी दोन मॅच खेळणाऱ्याला ते जाणवतं का हे तुम्हीच ठरवा.

मात्र आता २०२० नाही. रॅचेट अँड क्लँक रिफ्ट अपार्ट, फायनल फँटसी १६, स्पायडरमॅन २, बाल्डर्स गेट ३, अॅस्ट्रो बॉट, ब्लॅक मिथ वुकाँग, ह्यातलं एकही पीएस ४ वर नाही आणि येणार पण नाही. तुमच्या कागदावरची तीन नावं ह्या यादीतली असतील तर तुमचा पक्ष बळकट आहे. एल्डन रिंग लिहिला असेल तर खोडा, तो पीएस ४ वर चालतो, घरी बसून खेळा.

इथे तासांचा हिशोब पण करून टाका. आठवड्याला पाच म्हणजे वर्षाला २६०. निम्मे फुटबॉलचे गेले, राहिले १३०. मोठा स्टोरी गेम चाळीस-पन्नास तास खातो, बाल्डर्स गेट तर शंभर सहज. म्हणजे वर्षाला दोन, फार तर तीन. म्हणूनच मी तीनच नावं लिहायला सांगितली. लोक कन्सोल घेताना आपण कॉलेजात असताना जितका वेळ होता त्या हिशोबाने घेतात आणि मग सेलमधे बारा गेम घेऊन ठेवतात, त्यातले नऊ इन्स्टॉल सुद्धा होत नाहीत. माझ्या स्वतःच्या लायब्ररीत असे किती पडलेत ते बायकोला सांगितलेलं नाही.

टीव्हीबद्दल. बरेच जण सांगतील की फोरके, म्हणजे फुल एचडीपेक्षा बारीक चित्राचा, टीव्ही नसेल तर पीएस ५ घेऊन काय उपयोग. चूक. तुमच्या टीव्हीवर फोरके दिसणार नाही, १२० एफपीएस, म्हणजे सेकंदाला १२० चित्रं, मिळणार नाहीत, पण ह्या पिढीत खरा फरक त्या दोन गोष्टींनी पडतच नाही. पडतो तो दोन दुसऱ्या गोष्टींनी. एक म्हणजे स्टोरेजचा वेग, जुन्या हार्डडिस्कवरून सेकंदाला ५० ते १०० एमबी यायचे, पीएस ५ ची एसएसडी साडेपाच जीबी देते, म्हणजे पन्नास पटीच्या वरचा मामला. ज्याला रात्री तासभरच मिळतो त्याच्यासाठी हा आकडा ग्राफिक्सपेक्षा मोठा आहे, कारण मशीन पूर्ण बंद न करता रेस्ट मोडमधे झोपवलं आणि उठवलं की जिथे सोडलं तिथूनच पुढे. दुसरी म्हणजे ३० ऐवजी ६० एफपीएस. ३० ला एक चित्र ३३ मिलिसेकंद स्क्रीनवर थांबतं, ६० ला साडेसोळा-सतरा. आकडा क्षुल्लक वाटतो, पण कॅमेरा झटकन फिरवून बघा, ३० ला भिंतीवरची अक्षरं फरफटत जातात, ६० ला वाचता येतात. आणि ६० एफपीएस तुमचा आत्ताचा टीव्ही व्यवस्थित दाखवतो. आता बरेचसे गेम परफॉर्मन्स (जास्त एफपीएस) आणि क्वालिटी (जास्त बारीक चित्र) असे दोन मोड देतात, तुमच्या टीव्हीवर डोळे मिटून परफॉर्मन्स लावा.

पीएस ५ प्रो मात्र ह्या टीव्हीवर अजिबात नको. तो नोव्हेंबर २०२४ ला आला तोच मुळी मोठ्या फोरके टीव्हीसमोर बसणाऱ्यांसाठी, आणि वर त्यात डिस्क ड्राइव्ह नाही, वेगळा घ्यावा लागतो. तुमच्या मित्राच्या घरी ६५ इंची ओएलईडी असेल, त्याचा सल्ला त्याच्या घरी बरोबर असेल.

उद्या टीव्ही बदललात तर एक लक्षात ठेवा. डब्यावर एचडीएमआय २.१ लिहिलेलं असतं, फोरके १२० एफपीएसला लागतं ते, पण चारपैकी एक-दोनच पोर्ट तसे असतात, बाकीचे साधे. आणि टीव्ही कुठलाही असो, त्याचं सेटिंग बघा. परवाच एक जण आला, म्हणाला कंट्रोलर खराब आहे, बटण दाबल्यावर माणूस उशिरा उडी मारतो. कंट्रोलर माझ्या मॉनिटरवर लावला, एकदम ओके. मग विचारलं टीव्हीचा गेम मोड चालू आहे का, तर असा काही मोड असतो हेच त्याला माहीत नव्हतं. टीव्ही चित्र सुंदर करण्याच्या नादात प्रत्येक फ्रेमवर प्रक्रिया करत बसतो आणि त्यात तो उशीर होतो. घरी जाऊन सेटिंग बदललं, फोन आला, प्रॉब्लेम गेला. तुम्ही पण आजच बघा, कदाचित फुटबॉलमधले दोन-चार गोल वाढतील.

आता तुमच्या चौदा डिस्क, कारण ह्याच्यावर कोणी बोललंच नाही. पीएस ५ वर पीएस ४ चे जवळपास सगळे गेम चालतात, पण डिस्क आत जायला खाच पाहिजे! डिजिटल एडिशन स्वस्त पडते म्हणून घेतली की तुमच्या चौदाच्या चौदा डिस्क शोभेच्या. आणि पुढेही मित्राकडून डिस्क उसनी आणणं बंद, खेळून झाल्यावर विकणं बंद, सेकंडहँड घेणं बंद, कंपनीच्या एकाच स्टोअरमधे ती म्हणेल त्या भावाला घ्यायचं. कन्सोलवर सुरुवातीला वाचवलेले पैसे चार-पाच गेममधे जातात असा माझा ढोबळ हिशोब आहे. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स सीरिज एसला तर ड्राइव्हच नाही आणि नंतर बसवता पण येत नाही. पीएस ५ च्या २०२३ मधे आलेल्या स्लिमला नंतर ड्राइव्ह लावता येतो, फक्त पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागतं.

डिजिटल वाईट असं मी म्हणत नाही, रात्री अकराला उठून डिस्क बदलायचा कंटाळा मला पण येतो. पण दुकान बंद होऊ शकतं हे डोक्यात ठेवून घ्या. निन्टेन्डोने वी यू आणि थ्रीडीएस ह्या आपल्या जुन्या मशीनचं ऑनलाइन स्टोअर मार्च २०२३ मधे खरेदीसाठी बंद केलं, एक्सबॉक्स ३६० चं जुलै २०२४ मधे गेलं. सोनीने २०२१ मधे पीएस ३ चं बंद करतो म्हणून जाहीर केलं, लोकांनी आरडाओरडा केल्यावर मागे घेतलं. आणि डिस्क असली तरी निर्धास्त राहू नका, आता काही डिस्कमधे पूर्ण गेम नसतो, उरलेला डाउनलोड. स्विच २ मधे तर गेम-की कार्ड म्हणून प्रकार आहे, कार्ट्रिजमधे गेम नाहीच, फक्त किल्ली, गेम नेटवरून उतरवायचा आणि खेळताना कार्ड पण आत हवं. दोन्हीकडचे तोटे एकत्र! पण निदान विकता तरी येतं म्हणा. डब्यावर तसं लिहिलेलं असतं, वाचून घ्या.

"थांब, स्वस्त होईल" हा सल्ला मी स्वतः दहा वर्षं देत होतो आणि तो बरोबर होता. पूर्वी कन्सोल आला की दोन-तीन वर्षांत चिप लहान व्हायची, बनवायचा खर्च उतरायचा, किंमत पडायची. थ्रीडीएसची किंमत तर २०११ मधे लाँचनंतर सहा महिन्यांच्या आत जवळपास एक तृतीयांश कापली होती, ज्यांनी आधी घेतला त्यांना समजूत म्हणून जुने गेम फुकट वाटले. आता ते गणित मोडलंय. पीएस ५ ची किंमत २०२२ मधे बऱ्याच देशांत वाढली, २०२५ मधे परत वाढली, एक्सबॉक्सची वाढली, आणि २०१७ च्या जुन्या स्विचची सुद्धा अमेरिकेत २०२५ मधे वाढली, आठ वर्षं जुन्या मशीनची! चिप लहान करणं पूर्वीसारखं स्वस्त राहिलेलं नाही, आणि मेमरी एआयच्या डेटा सेंटरवाल्यांनी महाग करून ठेवलीय. त्यामुळे नुसतं स्वस्त होईल म्हणून थांबण्यात अर्थ नाही. सणासुदीच्या सेलमधे गेमसकट बंडल येतात ते बघा, तेवढंच काय ते.

आणि पुढच्या पिढीसाठी थांबायचं का? पीएस ३ आला २००६ ला, पीएस ४ २०१३ ला, पीएस ५ २०२० ला, सात-सात वर्षांचं अंतर. ह्या हिशोबाने फार लांब नाही हे मान्य. पण वर सांगितलं तेच परत लागू होतं की, नवा आल्यावर पण पहिली दोन वर्षं गेम जुन्यावर पण येतात. म्हणजे आज घेतलेला पीएस ५ नवा आल्या दिवशी भंगारात जात नाही, उलट तुमच्यासारख्या वर्षाला तीन गेमवाल्याला त्याच्यावर न खेळलेल्या गेमचाच साठा चार-पाच वर्षं पुरेल. आणि लाँचची पहिली बॅच मी स्वतःसाठी कधीच घेत नाही. जुनी माणसं एक्सबॉक्स ३६० चे ते बिघाडाचे तीन लाल दिवे विसरली नसतील, नोव्हेंबर २००५ ला आला आणि जुलै २००७ मधे मायक्रोसॉफ्टला वॉरंटी तीन वर्षांपर्यंत वाढवावी लागली, एक अब्ज डॉलरच्या वर खर्च बाजूला काढला. नेहमी एवढं होत नाही. पण दुसरं मॉडेल पहिल्यापेक्षा थंड, हलकं किंवा जास्त टिकणारं असतं हे बहुतेक वेळा खरं ठरतं. स्विच मार्च २०१७ ला आला, २०१९ मधे गुपचूप नवी चिप टाकली तर बॅटरी अडीच ते साडेसहा तासांवरून साडेचार ते नऊवर गेली, दिसायला डिट्टो तोच. पीएस ५ ह्या सगळ्यातून केव्हाच पार झालाय, हा त्याच्या बाजूने मोठा मुद्दा.

स्विच २ चं काय. तो जून २०२५ ला आलाय, म्हणजे अजून पहिल्याच मॉडेलवर आहे, आणि कंट्रोलरच्या स्टिकमधे हालचाल मोजायला अजूनही घासणारे पोटेन्शियोमीटरच आहेत, चुंबकावर चालणारे हॉल इफेक्ट नाहीत. घासणारी वस्तू कधीतरी झिजते, कुठल्याही कंपनीची असो, माझ्या टेबलावर सगळ्यात जास्त जे येतं ते हेच, न हलवता आपोआप चालणारा माणूस. पण मुलीसाठी घ्यायचा तर हा प्रश्न वेगळ्या मापाने मोजायचा. तिला फोरके नकोय, तिला मैत्रिणीबरोबर सोफ्यावर बसून गाडी पळवायचीय, आणि टीव्ही तुम्ही अडवलेला असताना हातात घेऊन खेळायचंय. हे दोन्ही मिळून पीएस ५ करत नाही, त्याचा लॉगिनच मुळी एका मुलाला बसवून एकट्याने खेळायला लावणारा वाटतो मला, माझा पूर्वग्रह असेल. तिच्यासाठी आधी एक करा, ज्या मैत्रिणीकडे आहे तिच्याकडे दोन-तीनदा जाऊ द्या आणि बघा ती काय खेळते. जुन्या स्विचवर चालणारंच असेल तर सेकंडहँड जुना स्विच घ्या, त्याचे बहुतेक गेम पुढे स्विच २ वर पण चालतात, त्यामुळे गेमचे पैसे वाया जात नाहीत. मारियो कार्ट वर्ल्ड किंवा डाँकी काँग बनान्झा म्हणाली तर मग स्विच २ च लागेल, ते जुन्यावर नाहीत.

तेवढं खर्च करायची ऐपत आहे का हे मी विचारत नाही, पण हिशोब डब्यावरच्या किमतीचा करू नका. कन्सोल कंपन्या मशीनवर फारसं कमवत नाहीत, मायक्रोसॉफ्टच्या अधिकारी बाईंनी २०२१ मधे कोर्टात साक्ष देताना एक्सबॉक्सच्या मशीनवर आपण कधीच नफा कमावलेला नाही असं सांगितलं होतं. मग कमावतात कुठे, तर तुम्ही नंतर जे घेता त्याच्यावर. दुसरा कंट्रोलर, ऑनलाइन खेळायची वर्गणी, जास्तीची स्टोरेज. पहिल्या पीएस ५ मधे ८२५ जीबी लिहिलेलं, वापरायला मिळतात ६६७, मोठे गेम शंभर-दीडशे जीबीचे असतात. पण तुम्ही एका वेळी फुटबॉल आणि एक स्टोरी गेम खेळणार, तुम्हाला जास्तीची एसएसडी नको, कोणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. घरात पडलेली यूएसबी ३ ची हार्डडिस्क असेल तर लावा, पीएस ४ चे गेम त्यावरूनच चालतात. वर्गणी पण फुटबॉल ऑनलाइन खेळत असाल तरच, मुळातच फुकट असलेल्या गेमना तर ती लागतच नाही.

सेकंडहँड पीएस ५ चालेल का असं शेवटी विचारलंय. चालेल, मी स्वतः घेऊन विकतो, पण पैसे द्यायच्या आधी अर्धा तास त्याच्यासोबत बसा. मोबाइलचा टॉर्च लावून एचडीएमआय पोर्टमधे बघा, मधली जीभ सरळ हवी आणि पिना एका रेषेत, एखादी वाकलेली दिसली तर सोडून द्या, केबल आडवी ओढली गेलेली असते आणि पोर्ट बदलणं हे सोल्डरिंगचं नाजूक काम आहे. तुमची स्वतःची एक डिस्क सोबत न्या आणि घालून बघा, कारण पहिल्या पीएस ५ चा ड्राइव्ह त्याच्याच बोर्डाशी बांधलेला असतो, कोणी दुसऱ्या मशीनचा काढून बसवला असेल तर डिस्क आत जाईल, बाहेर येईल, पण गेम चालणार नाही. तुमच्या अकाउंटने लॉगिन करून ऑनलाइन जा, कंपनीने मशीनला ऑनलाइन बंदी घातली असेल तर तिथेच कळतं. मग एखादा भारी गेम वीस मिनिटं चालू ठेवून गप्पा मारा आणि कान तिकडे ठेवा. विकणारा "टीव्ही नाहीये आत्ता, घरी जाऊन लावा" म्हणाला की उठायचं.

तर तुमच्या जागी मी असतो तर ह्या आठवड्यात पीएस ४ साफ करून घेतला असता, एसएसडी टाकायची का हे कागद बघून ठरवलं असतं. तीन नावं पटकन सुचली आणि ती पीएस ५ चीच निघाली तर एसएसडीचे पैसे न घालता डिस्कवाला साधा पीएस ५ स्लिम, प्रो नाही, डिजिटल नाही. एकच नाव सुचलं तर वर्षभर काही नको, तोपर्यंत तो एक गेम पण स्वस्त झालेला असेल, गेमच्या किमती अजूनही पडतात. मुलीचा विषय वेगळा ठेवा, दोघांसाठी मिळून एक कन्सोल घ्यायला जाल तर दोघांचंही समाधान होणार नाही.

आणि घेतलात तर पीएस ४ त्याच दिवशी विकू नका. सेव्ह फाइल्स पेनड्राइव्हने, नेटवर्क केबलने नाहीतर क्लाउडवरून नव्यावर नेता येतात, पण काही गेमच्या पीएस ५ आवृत्तीला जुना सेव्ह तसाच चालत नाही, तो पीएस ४ वर गेम उघडून आतल्या मेनूमधून अपलोड करावा लागतो. गेल्या महिन्यात एकाने घाईघाईत विकला आणि साठ तासांचा सेव्ह त्यात गेला, ज्याला विकला त्याने तोवर फॉरमॅट मारला होता. सगळं चालू होतंय हे बघा, मग जुन्यावरचं प्रायमरी अॅक्टिव्हेशन, म्हणजे हे तुमच्या अकाउंटचं मुख्य मशीन अशी नोंद, काढा, फॉरमॅट करा, आणि मग द्या.